स्टे आपोआपही उठतो
संसद कोर्टाच्या स्टेला (तात्पुरत्या स्थगितीला) हातच लावू शकत नाही असं काही जण म्हणतात ते काही पटलं नाही, खुद्द घटनेतच तशी तरतूद आहे की! कलम २२६(३) बघा, ४४व्या घटनादुरुस्तीने आलेलं. हायकोर्टाने समोरच्याचं न ऐकता, त्याला कागदपत्रं न देता स्टे दिला आणि त्याने तो उठवायला अर्ज केला तर दोन आठवड्यांत निकाल द्यायचा, नाहीतर स्टे आपोआप गेला. (प्रत्यक्षात? काही हायकोर्टांनी ही मुदत बंधनकारकच नाही असं ठरवून टाकलंय.)

आणि रस्ते-मेट्रोच्या रखडणाऱ्या कामांचं म्हणाल तर २०१८ साली स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टमध्ये (करार पाळायला लावणं, मनाईहुकूम वगैरेंचा कायदा) कलम २०ए घातलं, अशा प्रकल्पांच्या कंत्राटाच्या दाव्यात मनाईहुकुमामुळे काम रखडणार असेल तर दिवाणी कोर्टाला तो देताच येत नाही. रिटचा (घटनेच्या कलम २२६ खाली थेट हायकोर्टात जाण्याचा) रस्ता मात्र साध्या कायद्याने बंद होत नाही.