रात्री पायांची वळवळ आणि दिवसा येणारी पेंग यांचा संबंध कितपत?

सांजवेळ :
माझ्या आईचे वय ६१ आहे. दिवेलागणीनंतर ती जरा टेकली, की तिच्या पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळू लागते. दुखत नाही, गोळाही येत नाही, पण पाय हलवल्यावाचून तिला राहवत नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ती अनवाणी घरभर फेऱ्या मारते आणि पहाटे कुठे तिचा डोळा लागतो. दुपारी मात्र मेथी निवडता निवडता, हातात जुडी तशीच धरून ती पेंगते. हिमोग्लोबिन १२.४ आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) २२ आले असून, दोन्ही आकडे प्रयोगशाळेने दिलेल्या मर्यादेत आहेत. सर्दीचा त्रास असल्याने ती रोज रात्री सर्दीची गोळी घेते. बाबांच्या म्हणण्यानुसार ती घोरतेही. दिवसाची ही झोप पायांमुळेच येत असेल का?

निद्रावैद्य :
बसल्यावर किंवा आडवे झाल्यावर सुरू होणारी, चालल्यावर शमणारी आणि संध्याकाळनंतर बळावणारी ही ओढ रेस्टलेस लेग्ज सिंड्रोमशी जुळते. स्वीडनचे मज्जाविकारतज्ज्ञ कार्ल-अ‍ॅक्सेल एकबॉम यांनी १९४०च्या दशकात या विकाराचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला एकबॉम यांच्या नावानेही ओळखतात.

फेरिटिन २२ पाहून निश्चिंत होऊ नये. मेंदूत डोपामिन (हालचालींशी संबंधित संदेशवाहक रसायन) तयार करणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, लोह लागते आणि रक्तात पुरेसे दिसणारे लोह मेंदूला पुरेसे असतेच असे नाही. त्यामुळे या विकारात फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी, अथवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातील लोहवाहक प्रथिनावर किती लोह आहे, याचे प्रमाण) २० टक्क्यांखाली असल्यास लोह देण्याचा विचार करतात. तापात किंवा शरीरात दाह असताना फेरिटिन खोटे वाढलेले दिसते, हेही ध्यानात ठेवावे. शिवाय पाळी थांबलेल्या वयात लोहाचा साठा इतका खालावला असेल, तर पोटातून रक्तस्राव होत नाही ना, याचा शोध आधी घ्यायला हवा. गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या सतत चालू असतील, तर विशेषच.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. अशा बहुतेक रुग्णांचे पाय झोपेतही साधारण २० ते ४० सेकंदांच्या अंतराने झटके देतात आणि झोप तुटत राहते. तरीही या विकाराचे रुग्ण झोपेच्या मानाने दिवसा कमीच पेंगतात, कारण त्यांचा मेंदू जणू सतत जागा ठेवलेला असतो. ते थकतात, चिडचिडे होतात, एकाग्रता होत नाही म्हणतात, पण बसल्या जागी सहसा झोपी जात नाहीत. हातातली जुडी तशीच राहावी इतकी गाढ पेंग येत असेल, तर मी दुसऱ्या कारणांवर संशय घेईन. घोरण्यामुळे स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास वारंवार अडखळण्याचा विकार) हे पहिले. सर्दीची गोळी हे दुसरे, कारण अशा गोळ्यांत बहुधा क्लोरफेनिरामाइनसारखे जुने अँटिहिस्टामिन असते. ते पायांची वळवळ वाढवते आणि दुसऱ्या दिवशी गुंगीही ठेवते. दिवसाची पेंग मोजणाऱ्या एपवर्थ प्रश्नावलीत २४ पैकी १०हून अधिक गुण आले, तर निद्रातपासणी करून घ्यावी.

पेठकर :
मला याच विकारासाठी दिलेल्या प्रामिपेक्सोलने (डोपामिनसारखे काम करणाऱ्या औषधाने) सुरुवातीला छान आराम पडला, म्हणून इथे मुद्दाम लिहितो. पुढे रात्री सुरू होणारा त्रास दुपारीच सुरू होऊ लागला आणि हातांतही शिरला. या गटातील औषधांनी कालांतराने विकार उलट बळावतो आणि क्वचित अचानक झोपही लागते. डॉक्टरांनी मात्रा हळूहळू उतरवून मला प्रीगाबालिन या वेगळ्या गटातील औषधावर आणले. प्रामिपेक्सोल परस्पर बंद करू नये, आणि पहिल्याच भेटीत कुणी तेच लिहून दिले, तर गाबापेंटिन किंवा प्रीगाबालिन का नको, एवढे अवश्य विचारावे.

सांजवेळ :
सर्दीच्या गोळीचे कुणी कधी विचारलेच नव्हते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यास जेवणानंतरच्या चहाचे काय करावे?

निद्रावैद्य :
गोळी आणि चहा यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण चहातील टॅनिनमुळे लोह नीट शोषले जात नाही. लिंबू सरबताबरोबर घेतलेली गोळी चालते. पोट बिघडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने एक दिवसाआड घ्यावी. त्याने प्रत्येक गोळीतले लोह तुलनेने चांगले शोषले जाते. साधारण तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा तपासावे. सर्दीसाठी पर्यायी औषध मात्र आत्ताच विचारून घ्या, त्याला तपासण्यांची वाट पाहायचे कारण नाही.