परदेशात वंशभेदी शिवीगाळ झाली तर तुम्ही काय करता? अनुभव सांगा

नुकतेच लंडनहून आलो. ट्रिप झकास झाली, पण एका संध्याकाळी ट्यूबमध्ये (तिथली भुयारी मेट्रो) एक माणूस आमच्या समोर उभा राहून जे सुरू झाला ते थांबेचना, चालते व्हा इथून, घाण करता आमच्या देशात, वगैरे वगैरे. आईला इंग्रजी फारसं येत नाही पण सूर कळतोच ना, माझा हात गच्च धरून बसलेली. डब्यातले सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून. मी गप्प बसले आणि आई सोबत असताना तेच योग्य होतं असं मला वाटतं, पण नंतर आठवडाभर मनातल्या मनात त्याला उत्तरं देत होते. तुमच्यावर अशी वेळ आली तेव्हा काय केलंत? लाजू नका, लिहा.

---

लंडनमध्येच राहतो. गप्प बसलात ते उत्तमच, पण गप्प बसून तक्रार पण करता येते. 61016 या नंबरवर एसेमेस करायचा, ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलिसांचा नंबर आहे, फोन कानाला लावायला लागत नाही त्यामुळे समोरच्याला पत्ता लागत नाही. लाईन कुठली, गाडी कुठल्या दिशेने चालली आहे, पुढचं स्टेशन कुठलं, माणसाचे कपडे कसे, एवढं लिहा. डब्याचा नंबर आत लिहिलेला असतो तोही टाका. अंगावर आला तर मात्र सरळ 999. वंशद्वेषातून केलेल्या गुन्ह्याला इथे 1998 च्या कायद्याने जास्त शिक्षा आहे. नंतर ऑनलाईनही कळवता येतं, पण लवकर कळवा, सीसीटीव्ही फुटेज कायम ठेवत नाहीत.

---

माझा जर्मनीतला, लोकल ट्रेनमधला. दारू प्यायलेली दोन पोरं मागून काहीतरी ओरडत होती, मला निम्मंच कळत होतं. तेवढ्यात पलीकडची एक आजी उठली, माझ्या शेजारी येऊन बसली आणि जणू जुनी ओळख असल्यासारखी हवापाण्याच्या गप्पा मारायला लागली. त्या पोरांकडे बघितलंसुद्धा नाही तिने! कंटाळून ती पोरं पुढच्या स्टेशनला उतरली. आता मी कोणाला असं अडकलेलं बघितलं की हेच करते, भांडायला जात नाही, फक्त शेजारी जाऊन बसते.

तिथे नुसता अपमान करणं पण गुन्हा आहे, पण फिर्याद तीन महिन्यांच्या आत द्यायला लागते. आणि एक, व्हिडिओ काढताना जपून, समोरच्याचं खाजगी बोलणं गुपचूप रेकॉर्ड करणं हाही तिथे गुन्हा ठरू शकतो.

---

मला हे दुर्लक्ष करा प्रकरण पटत नाही. मेलबर्नच्या ट्राममध्ये एकाने सुरुवात केली, मी उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, परत बोल, सगळ्यांना ऐकू दे. तो बावचळला. आपण ऐकून घेतो म्हणून यांचं फावतं. ऑस्ट्रेलियात 1975 पासून कायदा आहे, मग आपण का घाबरायचं?

---

दादा, तुम्ही भरल्या ट्राममध्ये होतात. मी रात्री बसस्टॉपवर एकटी होते आणि कारमधून शिव्या देत, बाटली फेकून गेले. तिथे कुणाला परत बोल म्हणू? मी समोरच्या पेट्रोल पंपावर आत जाऊन उभी राहिले, कॅबही तिथूनच बोलावली. कायदा उद्या येतो हो, बाटली आत्ता येते.

---

ओरडणारे परवडले. रेस्टॉरंटमध्ये आमच्या नंतर आलेल्यांची ऑर्डर घेतली, आमच्याकडे वेटर फिरकेना. आता हा वंशभेद की नुसता ढिसाळपणा? नवरा म्हणाला तुला सगळीकडे तेच दिसतं. त्या वेटरपेक्षा मला त्या वाक्याचा जास्त राग आला.

---

+१, घरचेच "तूच काहीतरी केलं असशील" म्हणतात तेव्हा फार लागतं.

---

लहान मुलं बरोबर असतील तर विषय तिथेच संपवून चालत नाही. एका माणसाने आम्हाला घाण म्हटलं, तर माझ्या मुलीने हॉटेलवर येऊन साबणाने हात दोन-दोनदा धुतले आणि विचारलं, आपण खरंच घाण दिसतो का? पोटात गोळा आला. तिला म्हणलं, तो माणूस वाईट वागला, तुझ्यात काही खोट नाही. मग रात्री तिला हवं तेवढं बोलू दिलं, मध्ये मध्ये समजावत बसले नाही. दुसऱ्या दिवशीचा प्लॅन मुद्दाम रद्द केला नाही.

---

पुढच्या महिन्यात डब्लिनला एकटी चाललेय. ऑगस्ट 2025 मध्ये आपल्या दूतावासाने तिथल्या भारतीयांना सावध राहायला सांगितलं होतं ते वाचल्यापासून आई मागे लागली आहे, जाऊच नको. रद्द करू का?

---

करू नकोस गं. आम्ही राहतो तिथे, रोज कामाला जातो-येतो. फक्त अवेळी सामसूम रस्ते टाळ, सूचनेतही तेच होतं. 112 आणि 999 दोन्ही चालतात. उतरायची जागा बस थांब्याजवळची घे, आणि कुठल्या भागात बुक करतेयस ते बुकिंग पक्कं करायच्या आधी इथे सांग.