गच्चीवरचं सोलार: कोटेशन आलंय

सेक्रेटरी (ए-१०४): नमस्कार मंडळी, सोलारचं कोटेशन आलं. कॉमन मीटरसाठी १० किलोवॅट, ५ लाख ८० हजार. सबसिडी १ लाख ८० हजार, म्हणजे ४ लाखांत काम. रविवारी ठराव घेऊ.

सी-२०१: सबसिडी ७८ हजार असते ना? माझ्या भावाला तेवढीच मिळाली.

बी-४०२: वहिनी, ते घरगुती मीटरला, ३ किलोवॅट आणि त्यापुढे. सोसायटीला पीएम सूर्यघर योजनेत किलोवॅटमागे १८ हजार. पण ती नंतर खात्यात येते. आत्ता ५ लाख ८० हजारच मोजायचे आहेत.

सी-२०१: अच्छा.

बी-४०२: कोटेशनचं दुसरं पान बघा, बारीक अक्षरात आहे. "वॉटरप्रूफिंग ग्राहकाकडे." ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर, करून बारा वर्षं झालीत, टॉप फ्लोअरला आत्ताच ओल येते. पॅनल बसवल्यावर गळती निघाली तर स्ट्रक्चर, म्हणजे पॅनलखालचा सांगाडा, उचलायचा खर्च वेगळा. आधी कोबा, मग सोलार. शिवाय स्ट्रक्चर बुटकं धरलंय. खालून माणूस जायला हवा असेल तर उंच घ्यावं लागेल, त्याचे जादा पैसे.

ए-५०१: ओल नाही, धो धो गळतं काका 😄

बी-४०२: आणि पॅनल २५ वर्षं म्हणतात ते ठीक, पण पॅनलची डीसी वीज एसी करणारा इन्व्हर्टर तेवढा टिकत नाही. मध्ये एकदा तरी बदलावा लागणार. धुण्याचं काय? वॉचमन चढणार का दर पंधरवड्याला?

बी-३०२: लाईट गेल्यावर लिफ्ट तरी चालेल ना?

बी-४०२: नाही. हे ऑन-ग्रिड आहे, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं, बॅटरी नाही; लाईट गेली की तेही बंद. डिझेल जनरेटर राहतोच.

बी-३०२: मग काय उपयोग!

बी-४०२: बिल उतरतं हो. पण १० किलोवॅट कशाला? किलोवॅटमागे महिन्याला साधारण १२० युनिट धरा, पावसाळ्यात बरीच कमी. म्हणजे १२००. आपला पंप, लिफ्ट, जिन्याचे दिवे मिळून ८५०-९०० जातात. जास्तीची युनिट पुढच्या महिन्यात वळती होतात, पण मार्चअखेर उरली तर पडत्या भावात जातात. साडेसात पुरेल. टाकीची सावली पडते ती बाजूही मग सोडता येईल.

सेक्रेटरी (ए-१०४): व्हेंडर तर म्हणाला चार वर्षांत वसूल.

बी-४०२: त्याच्या हिशेबात कोबाही नाही, इन्व्हर्टरही नाही. फिक्स्ड चार्ज तर शून्य युनिटलाही येतो.

सेक्रेटरी (ए-१०४): मग ठराव थांबवू. खजिनदार, कॉमन मीटरची वर्षभराची बिलं ग्रुपवर टाका. कोब्याचं कोटेशन मी मागवतो.

ए-५०१: माझ्या बेडरूमचा फोटो टाकू का?

सेक्रेटरी (ए-१०४): टाका, छताचाच टाका.