अमेरिकन चेस्टनट लावायचाय: बिया कधी पेराव्या, आणि ब्लाइट या बुरशीच्या रोगाचं काय?

डोंगरउतार:
पश्चिम नॉर्थ कॅरोलिनात ब्लू रिजच्या उतारावर अडीच एकर जागा आहे, उंची साधारण ८०० मीटर. वरचा भाग मुरमाड, खालचा चिकण. अस्सल अमेरिकन चेस्टनटच्या ४० बिया ऑक्टोबरात मिळतील. हे इथलं देशी झाड टिकवायचंय आणि पुढेमागे थोडी विक्रीही करायची आहे. बिया लगेच पेराव्या का? खालचा भाग चालेल? ब्लाइटवर फवारणी आहे का?

सालपट:
आधी ही दोन कामं वेगळी करा. विक्रीसाठी चिनी चेस्टनट लावा. फळ मोठं आणि झाड ब्लाइटला बऱ्यापैकी दाद न देणारं. देशी झाडावर ब्लाइट आज ना उद्या येणारच. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयात ही बुरशी प्रथम नजरेत आली आणि पन्नासेक वर्षांत सुमारे ४०० कोटी झाडं गेली. ती सालीच्या जखमांतून आणि भेगांतून शिरते, खोडाला वेढा घालते आणि त्यावरचा भाग वाळतो. जमिनीतले सूक्ष्मजीव तिला मुळांपर्यंत पोचू देत नाहीत, म्हणून बुंध्यातून पुन्हा धुमारे येतात.

एक मेख आहे. चेस्टनटला स्वतःचा पराग चालत नाही, ६० मीटरच्या आत दुसरं झाड लागतं. ते चिनी असेल तर देशी झाडाची बी संकरित होणार. अस्सल बी हवी तर मादी फुलं पिशवीत बांधून हाताने परागण करावं लागेल.

ओलमूळ:
चिकण भाग विसरा. तुमच्याकडे ब्लाइटच्या आधी फायटोफ्थोरा, म्हणजे मुळं कुजवणारा मातीतला रोग, गाठेल. मुळं काळी पडतात, पानं मलूल होतात आणि झाड मुळासकट मरतं, धुमारेही येत नाहीत. फूटभर खोल खड्डा पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर तिथे चेस्टनट नको. मातीचा सामू ४.५ ते ६.५ हवा. चुना अजिबात घालू नका, लॉनसाठी टाकलेला चुनाही वाहत खाली येतो.

बी वाळली की मेली, कारण तिच्यात जवळजवळ निम्मं पाणी असतं. हाताला जेमतेम ओलसर लागेल अशा पीट मॉसमध्ये, भोकं पाडलेल्या पिशवीत, फ्रिजमध्ये १ ते ४ अंशांवर किमान तीन महिने ठेवा. पीट पिळून पाणी निघालं तर बुरशी येणार. दर पंधरा दिवसांनी उघडून मऊ पडलेल्या बिया काढून टाका. ऑक्टोबरात थेट जमिनीत पेरल्या तर खारी आणि उंदीर मेजवानी झोडतील. एप्रिलमध्ये दोन-अडीच सेंटिमीटर खोल, मोड खाली करून लावा. रोपाभोवती चार-पाच फुटी ट्री ट्यूब (संरक्षक नळी) लावा आणि तिचं बूड मातीत दोन इंच गाडा, नाहीतर उंदीर खालून शिरतात. त्याहून आखूड ट्यूब असेल तर हरणं शेंडा खातात. खत आम्लप्रिय झाडांचं, अर्ध्या मात्रेत, जुलैच्या मध्यापर्यंतच. उशिरा फुटलेली कोवळी पालवी हिमात जळते.

सालपट:
फवारणीचं राहिलं. भरवशाची फवारणी नाही. सालीवरचा ब्लाइटचा चट्टा लहान असेल तर मातीचा लेप लागू पडतो: त्याच झाडाच्या बुंध्याजवळची माती पाण्यात कालवून चट्ट्यावर आणि वर-खाली फूटभर थापायची, वरून प्लॅस्टिक घट्ट गुंडाळायचं, दोनेक महिने ओली राहू द्यायची. तो चट्टा थांबतो, पण नवा वर कुठेतरी येतोच. उंच झाडावर शिडी लावून किती पुरे पडणार?

डोंगरउतार:
आणि जनुक बदललेली डार्लिंग जात?

ओलमूळ:
त्यात गव्हाचं जनुक आहे. ब्लाइटची बुरशी जे ऑक्झॅलिक आम्ल सोडते ते या जनुकामुळे निष्प्रभ होतं. पण २०२३ मध्ये उघड झालं की डार्लिंग ५८ म्हणून वाढवलेली झाडं प्रत्यक्षात दुसऱ्याच वाणाची, डार्लिंग ५४, होती, आणि अमेरिकन चेस्टनट फाउंडेशनने पाठिंबा काढून घेतला. त्यावर विसंबून लागवड थांबवू नका.

तिखटमीठ:
विक्रीचं एक. पडलेली फळं रोज वेचा, नाहीतर सोंडकिड्याच्या अळ्या बाहेर पडून मातीत उतरतात आणि पुढच्या हंगामाची बेगमी करतात. खाण्याची फळं ४९ अंश पाण्यात २० मिनिटं बुडवा, लगेच थंड करून कोरडी पुसा, मग फ्रिजमध्ये. पाणी तापत राहिलं तर गर शिजतो, म्हणून थर्मामीटर हवाच. आणि पार्कातलं हॉर्स चेस्टनट विषारी असतं. बोंडावर मोजके जाड काटे. खाण्याच्या चेस्टनटचं बोंड साळिंदरासारखं दाट काटेरी, हातमोज्यांशिवाय धरवत नाही.