गवती चहाचं तेल काढायच्या बॉयलरला कॉइल किती वॅटची?

प्रश्न: परसात गवती चहा माजलाय. स्टीलच्या २० लिटरच्या डब्यात वाफेवर तेल काढायचंय. कॉइल २ किलोवॅटची घेऊ की ३? थर्मोस्टॅटने आवरेल ना?

उत्तर: ताई, थर्मोस्टॅट म्हणजे ठरलेल्या तापमानाला कॉइल बंद करणारा स्विच, तो इथे कामाचा नाही. उकळतं पाणी १०० अंशांच्या आसपासच राहतं. शक्ती वाढवली की तापमान नाही, वाफ वाढते. एक किलोवॅटमागे तासाला साधारण दीड लिटर पाण्याची वाफ होते, आणि तेवढी सगळी तुमच्या कंडेन्सरला (वाफ थंड करून परत द्रव करणाऱ्या नळीला) थंड करता आली पाहिजे. नाहीतर तेल हवेत जातं, आणि इतका पाला कापल्यावर ते फार जिवाला लागतं! मी ३ चीच घेईन: १० लिटर पाणी वीसेक मिनिटांत उकळवा, मग शक्ती कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोलरने १ किलोवॅटवर आणा. ३ ची कॉइल १३ अँपिअर ओढते, म्हणून १६ अँपिअरचा सॉकेट, वेगळी लाइन, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच). यात तडजोड अजिबात नको.

प्रश्न: पंख्याचा रेग्युलेटर चालेल? व्होल्टेज निम्मं केलं की शक्तीही निम्मी ना?

उत्तर: रेग्युलेटर मुळीच नको, जळेल. एससीआर कंट्रोलर (हीटरची शक्ती कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) घ्या, हीटसिंक (त्याची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) मोठा बघून. आणि निम्म्या व्होल्टेजला शक्ती पावपट होते, ३००० ची ७५० वॅट.

दुसरं उत्तर: पाला कॉइलला टेकू देऊ नका, करपट वास तेलात उतरतो. वर जाळी ठेवा. पाणी कॉइलच्या चार बोटं वर हवंच.