मुलीच्या चेहऱ्यावर पिंपल्स, काहीच लागू पडत नाही. मदत हवी आहे

रेवती_नाशिक: मुलगी नववीत आहे. कपाळ आणि गाल पिंपल्सनी भरलेत. सगळं करून झालं. तळलेलं बंद केलं, चॉकलेट बंद केलं, काही फरक नाही. गॅदरिंग जवळ आलंय आणि ती नाचातून नाव काढून घ्या म्हणतेय. वर्गात बाकीच्यांना एवढं नाही, मग हिलाच का? प्लीज लवकर सांगा.

रानजाई: सगळं म्हणजे नेमकं काय? काय लावते? केसांना तेल असतं का? पाळी नियमित आहे का?

आजीचा_बटवा: जायफळ दुधात उगाळून रात्री लावा. आमच्या घरात तीन पिढ्या हेच करतात. आणि पोट साफ हवं.

त्वचाविकार_डॉ: जायफळाने काहींची त्वचा भाजल्यासारखी होते, लिंबू आणि टूथपेस्टनेही. कृपया नको. "हिलाच का" याचं उत्तर: १२ ते २४ वयात साधारण ८५ टक्के जणांना कमीजास्त प्रमाणात मुरुमं येतात. वयात येताना अँड्रोजेन नावाचं हार्मोन वाढतं, तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्रं बुजतात, आत जंतू वाढतात. कोणाला किती येणार, यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा. तुम्हाला किंवा तिच्या बाबांना त्या वयात होती का?

आजीचा_बटवा: आमच्याकडे कोणाचीच त्वचा भाजली नाही. डॉक्टरांना घरचं काही पटतच नाही.

कसरतवाला: व्हे प्रोटीन घेते का? माझ्या भाच्याचे ते बंद केल्यावर कमी झाले.

रेवती_नाशिक: अहो नववीतली मुलगी आहे, कसलं प्रोटीन! बाबांना खूप होते, खड्डे अजून आहेत. तेल रोज लावते, शाळेत दोन वेण्या लागतात. पाळीचा काय संबंध?

रानजाई: पाळी फार लांबत असेल, हनुवटीवर केस येत असतील तर पीसीओएस (हार्मोन बिघडल्याने होणारा बीजकोशाचा त्रास) आहे का ते बघावं लागतं, म्हणून विचारलं. आणि लावते काय, ते अजून सांगितलं नाहीत.

पुणेकर७४: खड्ड्यांसाठी लेझर चांगलं. मी चाळिशीत करून घेतलं. खर्च हवा असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.

रानजाई: खड्ड्यांचं इथे कोणी विचारलेलं नाही.

रेवती_नाशिक: मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब. सुरुवातीला चेहरा छान उजळला, आता दुप्पट आलेत. वर बीटामेथासोन लिहिलंय.

त्वचाविकार_डॉ: ताई, हे स्टेरॉइड आहे. पिंपल्सवरचं औषधच नव्हे. आधी उजळतं, मग त्वचा पातळ होते, लाल पडते आणि पुरळ उसळतं. २०१८ पासून अशी बरीच क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी काउंटरवर सर्रास मिळतात, याचा फार राग येतो. एकदम थांबवलं की काही दिवस आणखी वाढल्यासारखं दिसेल, म्हणून ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे याच आठवड्यात जा. पुढे बहुधा बेंझॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापलीन असं पिंपल्सवर लावायचं काही औषध देतील. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात.

रेवती_नाशिक: म्हणजे गॅदरिंगपर्यंत नाहीच?

त्वचाविकार_डॉ: पूर्ण नाही. पण फोडू देऊ नका, डाग त्याने राहतात. तळलेल्याचा दोष सिद्ध नाही. गोड पेयं, मैदा यांचा थोडा संबंध दिसतो.

रेवती_नाशिक: शनिवारची वेळ मिळाली. तोवर तेलाचं काय करू?

रानजाई: केस धुण्याआधी तासभर लावा, कपाळाला लागू देऊ नका. उशीचा अभ्रा बदला.