मदत हवी आहे : प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांनी मिळून केलेल्या कामाची डिजिटल भांडारात नोंद कशी करावी?

नमस्कार.

मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. विद्यापीठातील प्राध्यापकांचे आणि विद्यार्थ्यांचे शोधनिबंध, प्रबंध, चित्रे, नाट्यसंहिता, ध्वनिमुद्रणे असे सगळे काम एका डिजिटल भांडारात ठेवायचे ठरले आणि नोंदी करण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. आम्ही डीस्पेस हे सॉफ्टवेअर वापरतो. शोधनिबंधांच्या बाबतीत फारसे अडले नाही. लेखकांची नावे छापलेलीच असतात, नियतकालिकाचे धोरण ओपन पॉलिसी फाइंडर (पूर्वीचे शेर्पा रोमिओ) या प्रकाशकांची धोरणे देणाऱ्या संकेतस्थळावर पाहता येते आणि प्रकाशकाने मांडणी केलेली प्रत ठेवायची मुभा नसेल, तर परीक्षणानंतर स्वीकारले गेलेले हस्तलिखित बहुतेक वेळा ठेवता येते. अडचण आली ती सर्जनशील कामापाशी.

एक उदाहरण सविस्तर सांगते. एका प्राध्यापकांच्या दीर्घकवितेवर पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी अकरा लिनोकट (लिनोलियमवर कोरून छापलेली) मुद्राचित्रे केली होती आणि ती कवितेच्या मजकुरासह एका कापडी पेटीत जपून ठेवलेली आहेत. जुन्या तालिकापत्रावर (कॅटलॉग कार्डावर) कर्ता म्हणून प्राध्यापकांचे नाव आहे आणि त्यापुढे फक्त ‘व इतर विद्यार्थी’ असे लिहिले आहे. मी पेटी उघडून पाहिली, तेव्हा प्रत्येक चित्राखालच्या कोऱ्या पट्टीत पेन्सिलीने डावीकडे ३/१२, म्हणजे बारा छापांच्या आवृत्तीतील तिसरा क्रमांक, मधे शीर्षक आणि उजवीकडे सही आढळली. अकरा चित्रे आणि अकरा वेगवेगळ्या सह्या. प्रवेशाच्या जुन्या नोंदवहीशी ताडून मी आठ नावे लावली. उरलेल्या तीन ठिकाणी केवळ आद्याक्षरे आहेत आणि पेन्सिल पुसट झाली आहे. ज्यांनी लिनोलियम कोरले, शाई फिरवली आणि बारा-बारा छाप काढले, त्यांचा उल्लेख ‘व इतर’ असा होत राहावा हे मला मनापासून चुकीचे वाटते.

माझ्यापुढे तीन प्रश्न आहेत. पहिला असा की, अशा कामात कर्ता कोणाला म्हणावे आणि सहयोगी कोणाला? विभागाचे म्हणणे आहे की कल्पना आणि मार्गदर्शन प्राध्यापकांचे असल्यामुळे तेच कर्ते होत. दुसरा प्रश्न परवानगीचा आहे, कारण हे विद्यार्थी केव्हाच पदवी घेऊन गेले आणि काहींचा पत्ता लागत नाही. तिसरा प्रश्न कथा-कवितांच्या प्रबंधांचा आहे. ते सर्वांसाठी खुले केल्यास विद्यार्थ्याला पुढे पुस्तक काढताना अडचण येईल का? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपण सह्या ताडून पाहिल्यात, हे फार महत्त्वाचे काम झाले आहे. नावांपुरते सांगतो. डब्लिन कोअर या नोंदी करण्याच्या मानक पद्धतीच्या १५ घटकांमध्ये कर्ता आणि सहयोगी असे दोन स्वतंत्र घटक आहेत आणि दोन्ही हवे तितक्या वेळा भरता येतात, त्यामुळे एकालाच कर्ता ठरवण्याची सक्ती कोठेही नाही. शोधलेखनात कोणी काय केले हे सांगण्यासाठी क्रेडिट नावाची १४ भूमिकांची यादी आहे, परंतु ती संशोधनासाठी बनवलेली असल्याने मुद्राचित्रांना नीट लागू पडत नाही. त्याऐवजी मार्क या ग्रंथालयीन नोंदींच्या मानकाच्या भूमिकासूचीत लेखक, चित्रकार, मुद्राचित्रकार, संपादक अशा नेमक्या संज्ञा मिळतात.

माझा सल्ला असा आहे की संपूर्ण पेटीची एक नोंद करावी आणि तिच्याशी जोडलेल्या प्रत्येक चित्राच्या अकरा स्वतंत्र नोंदी कराव्यात. पेटीच्या नोंदीत कवितेचे लेखक म्हणून प्राध्यापक येतील, तर चित्राच्या नोंदीत कर्ता म्हणून ज्याची सही आहे तो विद्यार्थीच येईल. मार्गदर्शन ही खरी भूमिका आहे आणि तिची नोंद अवश्य व्हावी, पण ती मार्गदर्शनाच्याच रकान्यात. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. १६ अंकी ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधक-लेखकाचा स्वतःचा ओळखक्रमांक, ज्याचा त्यानेच काढायचा असतो, त्यामुळे माजी विद्यार्थ्यांसाठी तो आपण परस्पर काढू नये. मात्र क्रमांक नाही म्हणून नाव गाळले जाऊ नये.

प्रतिसाद २

परवानगीच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, कारण त्यांची सरमिसळ झालेली मी अनेकदा पाहिली आहे. भांडाराला काम जतन करण्याची आणि दाखवण्याची अनुमती देणे ही एक गोष्ट आणि वाचकांना ते पुन्हा वापरण्याचा परवाना देणे ही दुसरी. पहिल्या अनुमतीने प्रताधिकार विद्यापीठाकडे जात नाही. विद्यार्थी तेच काम इतरत्रही प्रसिद्ध करू शकतो. दुसऱ्या बाबतीत मात्र पुष्कळ जपावे लागते, कारण क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, म्हणजे ठरावीक अटींवर सर्वांना पुनर्वापराची मुभा देणारा तयार परवाना, एकदा दिला की मागे घेता येत नाही. भांडारातून फाइल काढली, तरी ज्यांनी ती आधी घेतली त्यांचा हक्क कायम राहतो. म्हणून जो विद्यार्थी सापडलेला नाही, त्याच्या वतीने असा परवाना विभागप्रमुखांनी देऊ नये. त्या चित्रांची नोंद सर्वांना दिसू द्यावी आणि मोठ्या आकाराची प्रतिमा बंद ठेवावी. डीस्पेसमध्ये फाइलनिहाय बंधन घालता येते.

कथा-कवितांबद्दलची आपली शंका रास्त आहे. अनेक वाङ्मयीन नियतकालिके आधी प्रसिद्ध झालेले लेखन घेत नाहीत आणि महाजालावर खुले असलेले लेखन ती प्रसिद्ध झालेलेच मानतात. अशा प्रबंधांना ठरावीक मुदतीची बंदी घालावी, परंतु शीर्षक, नाव, वर्ष आणि सारांश पहिल्या दिवसापासून खुला ठेवावा. मुदत किती हवी हे विद्यार्थ्यालाच ठरवू द्यावे आणि प्रबंध सादर करतानाच्या अर्जातच तो पर्याय ठेवावा, कारण नंतर विचारायला माणूस हाती लागत नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आपल्या दोघांचेही मनःपूर्वक आभार. पेटीची एक आणि चित्रांच्या अकरा अशा नोंदी मी तयार केल्या आहेत. कवितेच्या प्राध्यापकांना भेटून त्या दाखवल्या, तेव्हा त्यांनी चित्रे एकेक करून हाती घेतली आणि एका पुसट सहीवर बोट ठेवून त्या विद्यार्थिनीचे पूर्ण नाव सांगितले. ते नाव नोंदवहीतील एका नावाशी तंतोतंत जुळले. आता केवळ दोन सह्या उरल्या आहेत. तूर्त तेथे ‘मुद्राचित्रकाराचे नाव अज्ञात, चित्रावर आद्याक्षरांची सही’ असे लिहून सहीचा मोठा केलेला छायाचित्राचा तुकडा जोडला आहे, म्हणजे कोणी ओळखले तर नोंद दुरुस्त करता येईल.

एक शंका अजून शिल्लक आहे. पेटीच्या मुख्य नोंदीत अकरा जणांचा क्रम कसा लावावा? आडनावांच्या वर्णानुक्रमाने लावल्यास ज्यांची केवळ आद्याक्षरे माहीत आहेत ते दोघे आपोआप शेवटी जातात आणि ते मला नको आहे. पेटीत चित्रे ज्या क्रमाने ठेवलेली आहेत तोच क्रम धरला तर चालेल का?